पत्रकारिता विभागाला देणगी द्यायचीय : कॅमेरा, सुवर्णपदक की एसटीचं भाडं?

केगावकर (धागाकर्ता)

राम राम मंडळी. आम्ही काही जण पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर सोलापूर विद्यापीठाच्या मास कम्युनिकेशन विभागातून वेगवेगळ्या वर्षी बाहेर पडलो. कुणी पुण्यात जनसंपर्कात आहे, कुणी मुंबईत चॅनलला, एक जण बार्शीत स्वतःचं यूट्यूब चॅनल चालवतो, दोघं पत्रकारिता सोडून बँकेत चिकटले. (बँकवालेच सगळ्यात जास्त द्यायला तयार आहेत, यावरून काय ते समजा.) सगळ्यांचे मिळून पाच लाखांच्या आसपास जमतील असं दिसतंय. ते विभागासाठी द्यायचे एवढं पक्कं. कशासाठी द्यायचे, यावरून ग्रुपवर रोज खडाजंगी चालू आहे.

एक गट म्हणतो, चांगला कॅमेरा आणि एडिटिंगचे दोन कॉम्प्युटर घेऊन देऊ, फोटो काढू, विषय संपला. दुसरा म्हणतो, पदवीप्रदान समारंभात पहिल्या येणाऱ्याला सुवर्णपदक ठेवू. मी आणि एक मैत्रीण अशा दोघांचाच तिसरा गट आहे. आमचं म्हणणं, पैसा मुलांच्या फिरण्यावर आणि इंटर्नशिपवर जावा.

का ते सांगतो. वर्गातली बरीच पोरं अक्कलकोट, मंगळवेढा, सांगोला, करमाळा इकडून आलेली असायची. मोठ्या ठिकाणची इंटर्नशिप पुण्या-मुंबईत, आणि ती बहुतेक बिनपगारी. ज्याच्या मामाचं घर पुण्यात आहे तो जातो. ज्याचं नाही तो इथेच एखाद्या कचेरीत आलेल्या प्रेसनोटा टाइप करत बसतो आणि प्रमाणपत्र घेऊन येतो. माझ्या बॅचमध्ये सगळ्यात भारी लिहिणारी मुलगी मोहोळची होती. ती आज कापड दुकानात हिशेब बघते. तिचं काही कॅमेऱ्यावाचून अडलं नव्हतं.

जाणकारांनी सांगावं : कायम ठेव ठेवून व्याज वापरायचं की रक्कमच खर्चायची? विद्यापीठाला देणगी देताना लेखी अटी घालता येतात का? आणि आमचा एक मित्र अमेरिकेत आहे, त्याचे पैसे घेता येतील का?

होटगीरोड

पगार शासनाचे, जागा शासनाची, फी मुलांची, आणि वर आपण देणगी? आपल्याकडे देणगी म्हटलं की आधी कोनशिला, मग शाल-श्रीफळ. एका संस्थेला (नाव नको) आमच्या आजोबांच्या नावाने पुस्तकांसाठी पैसे दिले होते. कपाट आलं, कपाटावर आजोबांचं नाव आलं, पुस्तकं काही आली नाहीत.

कडकभाकरी

होटगीरोड, तुझं कपाट खरंय बे, पण पोरगी बातमीसाठी मंगळवेढ्याला गेली आणि परतीची शेवटची एसटी चुकली तर तिनं राहायचं कुठं, याचं लेखाशीर्ष शासनाकडं असलं तर दाखव की मला. मार्च २०२३ पासून बायकांना एसटीत अर्धं तिकीट आहे ते चांगलंच झालं. पण गाडीच नसल्यावर अर्धं काय नि पूर्ण काय.

जुना_बातमीदार

केगावकर, तुमच्या दोघांच्या गटात मला तिसरा धरा.

उन्हाळ्यात दोन विद्यार्थी माझ्याबरोबर सोलापूरच्या पूर्वभागात आले होते, यंत्रमाग कामगारांवर करायचं होतं त्यांना. कारखान्यात शिरलो, माग चालू. मुलाने मोबाईल पुढे धरला, कामगार भरपूर बोलला. बाहेर येऊन ऐकतो तर नुसती खटखट, माणसाचा आवाज कुठेच नाही. मग पाळी सुटायच्या वेळी परत गेलो, कोपऱ्यावरच्या चहाच्या टपरीवर त्याला गाठलं. आता बोलता बोलता तो तेलुगूत शिरला. बरोबरच्या मुलीची आई बिड्या वळते. तिने तेलुगूतच त्याला विचारलं, घरी वहिनींची छाट किती निघते? बिडीची मजुरी हजारावर असते, आणि माल कारखान्यात नेऊन टाकला की खराब म्हणून बाजूला काढतात ती छाट. हा प्रश्न मला सुचला नसता. त्या प्रश्नानंतर गडी असा काही मोकळा झाला की घराचं भाडं, मुकादमाची उचल, मुलाची शाळा, सगळंच निघालं.

अशा बातमीला काय लागतं बघा. पुन्हा जाणं लागतं, रिक्षा लागते, चहा लागतो, संध्याकाळचा वेळ लागतो. आणि त्या मुलाला संध्याकाळी मेडिकलच्या दुकानात काम होतं, त्यामुळे पुढच्या फेऱ्यांना ती एकटीच आली. कॅमेरा आज प्रत्येकाच्या खिशात आहे. संध्याकाळ मात्र विकत घ्यावी लागते.

माहिती अधिकाराचंही तेच. अर्ज दहा रुपयांचा, पण कागद पानाला दोन रुपयांनी. पाणीपुरवठ्याची पाचशे पानांची फाईल मागितली तर हजार रुपये झाले. उजनी धरण भरून वाहत असताना सोलापूरकर नळाला पाणी कधी येणार म्हणून दिवस मोजतो, हे दरवर्षी छापून येतं. त्याच्या मुळाशी जायचं तर त्या फाईली वाचाव्या लागतात, आणि विद्यार्थी हजार रुपये त्यात घालेल की मेसचे भरेल?

आणि हे विद्यापीठातच शिकवायला हवं, कारण नोकरीत शिकवायला कुणाला सवड नाही. तालुक्याच्या वार्ताहराला मानधन नावापुरतं असतं. त्याची कमाई जाहिरातीच्या कमिशनवर. ज्याच्या वाढदिवसाची पुरवणी काढायची, त्याच्याविरुद्ध बातमी कशी द्यायची, हा पेच त्याला पहिल्या महिन्यातच पडतो.

चिंचोळीकर

पाच लाख वैयक्तिक गोळा करण्यापेक्षा सीएसआर, म्हणजे कंपन्यांचा सामाजिक जबाबदारीचा पैसा, का नाही? कंपनी कायदा २०१३ चं कलम १३५. निव्वळ मालमत्ता ५०० कोटी, उलाढाल १००० कोटी किंवा निव्वळ नफा ५ कोटी, यापैकी काहीही एक असलं की मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या दोन टक्के खर्चावेच लागतात, आणि शिक्षण त्या यादीत बसतं. जिल्ह्यात एवढे साखर कारखाने आहेत, काही कंपन्या आमच्या एमआयडीसीत आहेत. एका झटक्यात काम होईल.

जुना_बातमीदार

चिंचोळीकर साहेब, अभियांत्रिकीसाठी आणत असाल तर मी स्वतः येतो तुमच्याबरोबर. पत्रकारितेसाठी नको. समजा एखाद्या कारखान्याने शिष्यवृत्ती दिली. ऊस नियंत्रण आदेशाप्रमाणे ऊस घातल्यापासून चौदा दिवसांत एफआरपी, म्हणजे उसाचा ठरलेला किमान दर, द्यायची असते. उद्या त्याच कारखान्याची थकबाकी निघाली आणि पोरगं ती बातमी घेऊन सरांकडे आलं, तर सर काय म्हणतील? काही म्हणायचेसुद्धा नाहीत. "परीक्षा झाल्यावर बघू" एवढंच म्हणतील.

चिंचोळीकर

हे पटलं. पण मग माजी विद्यार्थीही कुठेतरी नोकरीलाच आहेत ना? जनसंपर्कवाल्याचे पैसे घेताना त्याचे क्लायंट कोण, हे कोण बघणार?

केगावकर

चांगला टोला. जनसंपर्कवाला मीच. नियम मीच सुचवतो : देणगीदाराने बातमीचा विषय सुचवायचा नाही, निवड समितीत बसायचं नाही, छापण्याआधी वाचायलाही मागायचं नाही. वर्षाअखेरी हिशेब आणि झालेल्या बातम्यांची यादी मिळाली की बास.

वाचनालयातली_मुंगी

या वादावरून पुलित्झर आठवला. अमेरिकेतला वृत्तपत्रमालक जोसेफ पुलित्झर याने पत्रकारितेची शाळा काढायला कोलंबिया विद्यापीठाला पैसे देऊ केले तेव्हा १८९२ साल होतं, आणि विद्यापीठाने नको म्हटलं. बातमीदारी कचेरीत शिकायची गोष्ट, ती वर्गात कसली शिकवता, असा तो काळ. १९०३ मध्ये करार झाला, वीस लाख डॉलरचा. पण सल्लागार मंडळावर कोण बसणार यावरून दोन्हीकडून ताणलं गेलं आणि शाळा माझ्या मृत्यूनंतरच उघडा म्हणून तो मोकळा झाला. १९११ मध्ये गेला, १९१२ मध्ये शाळा उघडली. तोवर १९०८ मध्ये मिसुरी विद्यापीठाची पत्रकारिता शाळा सुरूसुद्धा झाली होती. तेव्हा समितीचं काय ते पैसे देण्याआधी कागदावर घ्या. तुमचे पाच लाख त्या भांडणापायी असेच पडून राहायला नकोत.

जवळचं उदाहरणही देते. पुण्यात २०२१ मध्ये रानडे इन्स्टिट्यूटमधला पत्रकारिता विभाग फर्ग्युसन रस्त्यावरून विद्यापीठाच्या आवारात हलवायचं ठरलं. विद्यार्थी आणि माजी विद्यार्थी उभे राहिले, ते थांबलं. माजी विद्यार्थ्यांची अशी फळी बांधली गेली तर ती पाच लाखांहून जास्त कामाची. देणगी हे निमित्त धरा.

जुळेसोलापूर_सीए

आता जरा रुक्ष बोलतो, माफ करा.

पहिलं कराचं. देणगीवरची आयकर सवलत, जिला ८०जी म्हणून ओळखतात, ती जुन्या करपद्धतीतच मिळते. नवी पद्धत घेणाऱ्याला काही नाही, त्याने पुण्य समजावं. जुन्या पद्धतीतही बहुतेक संस्थांच्या बाबतीत देणगीच्या निम्म्या रकमेची वजावट, तीही उत्पन्नाच्या दहा टक्क्यांच्या मर्यादेत. रोख दोन हजारांच्या वर दिलं तर वजावट शून्य. नुसती पावती चालत नाही. संस्थेने आयकर खात्याकडे देणग्यांचं विवरण भरायचं आणि तुमच्या पॅनवर प्रमाणपत्र काढून द्यायचं. मान्यता चालू आहे का, हे विद्यापीठाच्या वित्त विभागात आधी विचारा, पैसे भरल्यावर नको.

दुसरं, अमेरिकेतला मित्र. तो राहतो कुठे यापेक्षा पासपोर्ट कुठला ते महत्त्वाचं. भारतीय पासपोर्ट असेल आणि स्वतःच्या कमाईतून बँकेमार्फत देत असेल तर ती परदेशी देणगी धरत नाहीत. अमेरिकेचं नागरिकत्व घेतलं असेल तर मग ओसीआय कार्ड (परदेशी नागरिक झालेल्या मूळ भारतीयांना मिळतं ते) असलं तरी तो परकीय स्रोत, तिथे एफसीआरए, म्हणजे परदेशी देणग्यांचा कायदा आला. तसं असेल तर त्याला म्हणावं, तू पैसे ठेव, पोरांच्या इंग्रजी बातम्या तपासून दे.

तिसरं, विद्यापीठाची रीत. महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम २०१६ प्रमाणे देणग्या विद्यापीठाच्या वतीने व्यवस्थापन परिषद स्वीकारते, आणि अशा रकमा विश्वस्त निधीत जातात. म्हणून विभागप्रमुखांच्या हातात चेक देऊन यायचं नाही, ते बिचारे उगाच अडचणीत येतील. कुलसचिवांच्या नावे पत्र, सोबत अटींचा मसुदा, मग सामंजस्य करार. हेतू मोघम नको. "विद्यार्थ्यांच्या कल्याणासाठी" असं लिहिलंत की कपाट आलंच म्हणून समजा. "वार्तांकनासाठी प्रवास, निवास, अनुवाद, माहिती अधिकार शुल्क आणि इंटर्नशिप काळातील निर्वाहभत्ता" असं खणखणीत लिहा. "यातून बांधकाम, फर्निचर व समारंभाचा खर्च करता येणार नाही" हेही लिहा.

आता ठेव. पाच लाख सात टक्क्यांनी ठेवले तर वर्षाला ३५,००० सुटतील. महागाईने मुद्दल झिजू नये म्हणून त्यातले दहा हजार तरी परत मुद्दलात टाकावे लागतील. उरले २५,०००. व्याजदर खाली आला तर त्याहून कमी. पण ते कायम मिळत राहतील, आणि कायम मिळणाऱ्या पैशाचा एक दरारा असतो.

जुना_बातमीदार

सीए साहेब, हिशेब मान्य. दराऱ्याचं मात्र बघा. २५,००० मध्ये पुण्यात एक मुलगा दोन महिने कसाबसा राहील. म्हणजे वर्षाला एक. समजा त्याऐवजी पाच वर्षं दरसाल एक लाख खर्चले. दोघांना इंटर्नशिपचा भत्ता, वर सात-आठ जणांना फिरण्यापुरते, असं बसेल. पाच वर्षांत विभागातून चांगल्या बातम्यांची थप्पी निघाली तर पुढचे पैसे मागायला तोंड राहील. नाही निघाली तर बंद झालेलं बरं. आपल्या माणसांना कायम निधीचं फार वेड, कारण निधी कायम राहिला की नाव कायम राहतं. कोटीभर रुपये असते तर मीही ठेवच ठेवा म्हटलं असतं.

जुळेसोलापूर_सीए

या रकमेला तुमचंच बरोबर. शिल्लक पडून राहील तिचं व्याज येईल ते वेगळं. फक्त करारात लिहा की एका वर्षी न खर्चलेले पैसे पुढच्या वर्षाला जातील, नाहीतर मार्चअखेरीला कुणीतरी घाईघाईत स्टँड आणि बॅगा घेऊन ठेवेल.

शिकतोय_अजून

मी सध्या शिकायलोय, कुठं ते विचारू नका. एकच सांगायचंय. पैसे बिलं लावून मागाहून मिळणार असतील तर आमच्यासारख्याला उपयोग नाही. आधी घालायला असते तर गेलोच नसतो का. जाण्याआधी निम्मे तरी हातात पाहिजेत. आणि रिक्षावाला पावती देत नाही, वडापचा जीपवाला तर नाहीच. तिथं आमच्या सहीवर विश्वास ठेवा, सरांची सही पाहिजे तर घ्या.

दुसरं, पहिल्या येणाऱ्याला देऊ नका. आमच्यात पहिला येतो तो थिअरीत पहिला येतो. अर्जात बातमीचा विषय, कुणाकुणाला भेटणार आणि कुठं जाणार एवढंच विचारा. दोन पानांच्या वर नको.

कॉलर माईक मात्र दोन घेऊन दिले तर बरं होईल. त्या खटखटीचा अनुभव सगळ्यांनाच येतो.

कडकभाकरी

पोरगं हुशार आहे. वडापच्या पावतीचा नियम करारात घालाच.

खिळेजुळारी

सुवर्णपदकाच्या बाजूने कुणीच बोलत नाहीये म्हणून लिहितो. माझे वडील छापखान्यात कंपोझिटर होते. अक्षरांचे शिशाचे खिळे उलटे वाचायचे, आणि संपादकांच्या नजरेतून सुटलेली चूक त्यांच्या बोटाला लागायची. त्यांचं नाव कधी कुठे छापून आलं नाही. सोलापूरच्या पदवीप्रदान समारंभात दरवर्षी एकदा ते मोठ्याने वाचलं जावं असं मला वाटतं. यात फार मोठा गुन्हा आहे का?

वाचनालयातली_मुंगी

अजिबात नाही दादा. पण पदक मिळालेली मुलगी ते कपाटात ठेवेल आणि नाव विसरेल. त्यापेक्षा विद्यार्थ्यांच्या प्रायोगिक अंकाची छपाई त्यांच्या नावाने करा. अंकाच्या शेवटी मुद्रणाची ओळ असते, तिथे त्यांचं नाव दरवेळी छापून येईल. मुद्रितशोधनाचं बक्षीसही ठेवता येईल. आज शुद्ध मराठी मजकुराला कुणी वाली नाही.

खिळेजुळारी

मुद्रितशोधनाचं आवडलं. माझी रक्कम वेगळी ठेवतो. घरी बोलून कळवतो.

होटगीरोड

नाव द्यायचंच असेल तर मुख्य निधीला हुतात्मा कुर्बान हुसेन यांचं द्या. चार हुतात्म्यांच्या पुतळ्यांपाशी आपण रोज सिग्नलला थांबतो, पण त्यांच्यातले एक 'गझनफर' नावाचं पत्र चालवायचे हे पोरांना सांगून बघा, माहीत नसतं. १९३० च्या मार्शल लॉनंतर १२ जानेवारी १९३१ ला येरवड्यात चौघांना फाशी झाली. ६ जानेवारीला 'दर्पण' या पहिल्या मराठी वृत्तपत्राच्या निमित्ताने पत्रकार दिन करतोच आपण, आणि लगेच सहा दिवसांनी हा दिवस येतो. निवड जाहीर करायला बरी तारीख आहे. गड्ड्याच्या (सिद्धेश्वर यात्रेच्या) गर्दीत कुणी हॉल मात्र बुक करू नका.

(आणि हो, करारात "फर्निचर नाही" ही ओळ राहिली तर माझे पंचवीस हजार धरा.)

कडकभाकरी

बघा, कपाटवाला फिरला!

केगावकर

सगळ्यांचे आभार. ग्रुपवर हा धागा टाकला. कॅमेरावाल्यांनी थोडी कुरकुर केली, पण दोन कॉलर माईकवर तडजोड झाली.

आता ठरलंय ते असं. रक्कम पाच वर्षांत खर्चायची, ठेव नाही. भत्त्याचा निम्मा भाग आगाऊ. निवड समितीत विभागाचे एक शिक्षक, दुसऱ्या विद्याशाखेतले एक आणि एक निवृत्त पत्रकार. (जुना_बातमीदार सर, तुम्ही पैसे देणार नसाल तरच तुम्हाला बसता येईल, ठरवा काय ते.) बातमी मराठी, कन्नड, तेलुगू, उर्दू कुठल्याही भाषेत चालेल, सोबत मराठी गोषवारा हवा. कन्नड आणि तेलुगू तपासून देणारं माणूस मिळालंय, उर्दूसाठी अजून शोधतोय. या धाग्यावर कुणी असेल तर व्यक्तिगत निरोप करा. नावाचं विद्यापीठाशी बोलून ठरवू, आमच्यापैकी कुणाचं नसेल एवढं नक्की.

अमेरिकावाल्याने नागरिकत्व घेतलंय. त्यामुळे तो बातम्या तपासणार.

सोमवारी मी आणि बँकेतला एक मित्र केगावला विद्यापीठात जातोय, आधी विभागात, मग वित्त विभागात. मसुदा लिहायला बसलोय. अनुवादाचा खर्च आणि निर्वाहभत्ता एकाच शीर्षाखाली चालेल का, सीए सर?

जुळेसोलापूर_सीए

वेगळे ठेव. भत्ता थेट मुलाच्या खात्यावर जाईल, अनुवादाचं बिल निघेल. मसुदा रविवारी मला पाठव. आणि सगळ्यांचे पॅन, पूर्ण पत्ते एका कागदावर घेऊन जा, नाहीतर प्रमाणपत्रासाठी पुढच्या जूनमध्ये मलाच फोन येणार.